बेंझीनचा चौथा भाऊ

कासेल स्टेशनवर बर्लिनच्या गाडीची वाट पाहणाऱ्या दोन तरुण रसायनवाल्यांना ओटिली कॉफी देत होती.

“एवाल्ड, बेंझीन म्हणजे सहा कार्बनचं कडं, हे आपल्या म्हाताऱ्या प्रोफेसरचं म्हणणं. त्याच्या कड्याला दोन अणू जोडले की चार वेगळे पदार्थ, चार भाऊ, निघायला हवेत; मिळालेत तीनच, म्हणून ते खरं ठरायला चौथा भाऊ सापडायलाच हवा. नाहीतर बेंझीन कडं नसून प्रिझमच्या आकाराचं आहे म्हणणारे जिंकले!”

“सापडला होता ना. बाकी तिघांपेक्षा लवकर वितळला.”

“मग तोंड का पाडलंयस?”

“अल्कोहोलने पुन्हा धुतला, तर जुनाच तिसरा निघाला. लवकर वितळवणारा नुसता मळ होता रे.”

“अरे देवा! म्हातारा तर आज बर्लिनच्या सभेत चौथा जाहीर करणार! सांगितलंस त्याला?”

“सांगितलं.”

“काय म्हणाला?”

“म्हणाला, गाढवा, पुन्हा धुतलास कशाला?”