न शिजणारी डाळ

रुद्रेश : म्हणजे सगळी गाडी परत? एक पोतंसुद्धा उतरवून घेतलं नाही?

मलप्पा : न्हाई, धाकले मालक. आनंदराज शेटनी एक पोतं फोडलं, चार दाणे दाताखाली चावले अन् ड्रायव्हरला म्हणले, उदगीरला वापस ने. पुन्हा देगलूरला आणू नको.

रुद्रेश : आधी नायगाव गेलं, मग जळकोट. आता देगलूर. वीस वर्षांचं गिऱ्हाईक होतं ते.

भीमाशंकर : सत्तावीस. तू जन्मायच्या आधीपासून माझी डाळ घेत होता तो.

रुद्रेश : अप्पा, टोमणे नंतर मारा. मशीन नवं आहे, पॅकिंग नवं आहे, भाव बाजारापेक्षा कमी ठेवलाय. पाच वर्षांच्या प्लॅनमधली एक ओळ मी सोडलेली नाही. दोन वर्षांत मिल निम्म्यावर आली. चुकलं कुठं, एवढं कुणीतरी सांगा मला.

भीमाशंकर : मलप्पाला इचार की.

रुद्रेश : मलप्पांना काय विचारू?

भीमाशंकर : एकतीस वर्षांपासून मुकादम हाय ह्या मिलचा. इचारून तर बघ.

मलप्पा : ऱ्हाऊ द्या, मोठे मालक.

रुद्रेश : नाही, बोला. माहीत असेल तर बोला.

मलप्पा : डाळ शिजंना, मालक.

रुद्रेश : काय?

मलप्पा : आपली डाळ शिजत न्हाई. देगलूरकडची माणसं पातळ वरण खाणारी. दोन शिट्ट्यांत डाळीचं लोणी व्हायला पाहिजे त्यांना. आपल्या काळ्या रानातली तूर तशी शिजती. तुम्ही बाराही महिने मिल चालवायचं ठरवलं. आपली तूर तर पाडव्यापर्यंत सरून जाती. मग तुम्ही मुंबईहून बाहेरदेशाची तूर आणली अन् ह्यात मिसळली. ती पाच शिट्ट्या झाल्या तरी दाताखाली करकर करती.

रुद्रेश : पण मशीन खराब दाणा काढून टाकतं.

मलप्पा : दाणा खराब न्हाईच. रंग सारखाच हाय, वेगळा कसा निघंल? आपल्या बाया निवडायच्या तव्हा नखानं दाबून सांगायच्या, ही आपली, ही परकी.

भीमाशंकर : किती पोती बाहेर गेली ते मोजत बसला. घरी नेऊन कुणी शिजवली का, ते एकदा तरी इचारलं का?

रुद्रेश : तुम्हाला हे कधी कळलं, मलप्पा?

मलप्पा : पहिल्याच दिवशी.

रुद्रेश : कुठल्या पहिल्या दिवशी?

मलप्पा : लातूरच्या हॉटेलात आम्हाला सगळ्यांना नेलं होतं न्हाई का तुम्ही? भिंतीवर चित्रं दाखवून प्लॅन सांगितला. बाहेरच्या तुरीचं नाव निघालं तव्हा मी हात वर केला होता.

रुद्रेश : मला नाही आठवत.

मलप्पा : तुम्ही म्हणलं, मलप्पा, तुम्ही चहाचं बघा. समदे हसले. मग मी चहाचं बघितलं.

रुद्रेश : बरं, चुकलं माझं. पण त्यानंतर दोन वर्षं आपण रोज भेटतोय. एकदाही तोंडातून शब्द काढला नाहीत?

मलप्पा : ते...

रुद्रेश : तिकडं अप्पांकडं काय बघताय? मी विचारतोय.

भीमाशंकर : मीच म्हणलो होतो, सांगू नको.

रुद्रेश : तुम्ही?

भीमाशंकर : लातूरहून आल्या आल्या हा माझ्याकडं आला. म्हणला, मालक, ह्यानं धंदा बुडंल. मी म्हणलो, बुडू दे. गळ्यातल्या लिंगाची आण घातली त्याला.

रुद्रेश : स्वतःची मिल, अप्पा. तुम्ही स्वतः उभी केलेली.

भीमाशंकर : त्याच हॉटेलात, चाळीस माणसांसमोर तू काय बोलला ते आठवतं का? आजवर ही मिल अंदाजानं चालली, इथून पुढं अकलेनं चालंल. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. गळ्यात हार होता माझ्या.

रुद्रेश : एका वाक्यासाठी?

भीमाशंकर : मी रोज सकाळी हितं येऊन बसत होतो. आज इचारंल, उद्या इचारंल. अप्पा, जमंना, सांगा, एवढंच म्हणायचं होतं तुला. दोन वर्षं वाट बघितली. तू पुण्याच्या सल्ला देणाऱ्या माणसाला पैसे देऊन इचारून आला, बापाला न्हाई इचारलं.

रुद्रेश : आणि त्या चौदा बायका? मशीन आलं म्हणून काढल्या त्या. तुम्हाला माहीत होतं मशीनला ते काम जमणार नाही. त्या गेल्या तेव्हाही गप्प बसलात?

भीमाशंकर : त्यांना काढायचा कागद तुझ्या सहीचा होता.

मलप्पा : नावं मी वाचली होती, मालक. तुम्ही मला वाचायला लावली. सहावं नाव लक्ष्मीबाईचं होतं.

रुद्रेश : कोण लक्ष्मीबाई?

मलप्पा : माझी बहीण. विधवा हाय. हितनं गेली ती ऊस तोडायला गेली, कर्नाटकात. उसाच्या गाडीवरून पडली. आता घरातच असती, पाय ओढत चालती. माझ्यासंगं बोलत न्हाई.

रुद्रेश : मला हे कुणीच...

मलप्पा : कुणी कसं सांगंल?

(बाहेर मशीन थांबतं.)

रुद्रेश : अप्पा, तुम्ही बाप आहात. तुम्हाला मी काही करू शकत नाही.

भीमाशंकर : न्हाईच करू शकत.

रुद्रेश : मलप्पा, मिल बुडताना बघत उभा राहिलेला माणूस मला इथं नको. उद्यापासून येऊ नका.

मलप्पा : मालक, मी आण घेतली होती.

रुद्रेश : पगार माझ्याकडून घेत होता.

मलप्पा : मोठे मालक, तुम्ही तरी बोला. तुमच्या शब्दापायी गप बसलो मी. बहिणीचं नाव वाचताना बी गप बसलो.

भीमाशंकर : शब्द माझा होता, मलप्पा. जीभ तुझी होती.

मलप्पा : एकतीस वर्षं झाली, मालक.

भीमाशंकर : मग एकतीस वर्षांत कळायला पाहिजे होतं, मालक बुडवा म्हणला तरी मिल बुडवू द्यायची नसती.

रुद्रेश : मुकादम कुणाला करायचं ते मी बघतो. आजपासून बाहेरची तूर बंद. त्या बायकांना मात्र परत घेणार नाही, त्या आता जास्त मागतील.

भीमाशंकर : बरोबर. आज पहिल्यांदा मालकासारखा बोलला बघ. ये, बस हितं, माझ्याजवळ. आनंदराजला मी फोन लावतो, तू बोल.

रुद्रेश : लावा. तुम्ही अजून उभे का, मलप्पा?

मलप्पा : एक पोतं भरून ठिवलंय, मालक. तोंड उघडंच हाय. तेवढं शिवून जातो.