मागची डावी जागा

गॅरेजच्या बाकावर आपल्या गाडीची वाट बघत बसलेल्या शिक्षिकेनं पेपर उघडला खरा, पण कान शेजारच्या वयस्कर जोडप्याकडे लागले होते.

“ब्रेकपॅड नवे घातले, काका. तो खडखडाट मात्र सापडला नाही,” मेकॅनिक म्हणाला.

“पुढून येतो. गाडी मी चालवतो, मला कळत नाही का?”

“पुढून नाही,” काकू म्हणाल्या. “मागून, डावीकडून. खड्ड्यात जाताना नाही, वर येताना.”

मेकॅनिक गाडीखाली शिरला आणि काळे हात पुसत बाहेर आला.

“मागचा डावा शॉकअप. तेल गळतंय. काकू, आम्ही तिघांनी गाडी फिरवून पाहिली होती. तुम्ही कसं ओळखलंत?”

“तिथंच बसते ना मी. पुढे आधी सासूबाई बसायच्या, मग लेक. आता यांची बॅग असते.”

“नवा बसवला की चक्कर मारू. तुम्ही हो म्हटल्याशिवाय गाडी सोडत नाही.”

काका उठले. पुढच्या सीटवरची बॅग काढून त्यांनी खांद्याला लावली.

“चक्कर मारताना तू पुढे बस. मागे मी बसतो.”

“डावीकडे बसा,” काकू म्हणाल्या. “उजवीकडून काही कळायचं नाही.”