उकंडरावची इटलीवाली खुर्ची

विजयमाला : ही खुर्ची आहे का विहीर, फय्याजमिस्त्री? बाबा काल हिच्यात बसले तं त्यायले उठताच आलं नाही.

फय्याज : बाई, मानोऱ्याहून सायकल दामटत आलो, आधी पाणी तं पाजा. फोटो तुमीच आणला होता ना? इटलीची खुर्ची, वीसेक वर्षं जुनी, कंपनीनं आता नव्या घरांसाठी फिरून काढली म्हणे. फोटोत दिसली तशी ठोकली.

विजयमाला : फोटोतली बाई कशी आरामात बसली होती.

फय्याज : बसली होती. उठतानाचा फोटो कुठी होता?

उकंडराव : बरोबर बोलून राह्यला तो.

विजयमाला : तुमी नका बोलू, बाबा. मिस्त्री, काल मी शाळेत शिकवत होते, आन इकडे पाटील नवं घर पाह्यले आले. पाटील दारात उभे, अन् हे जाग्यावरून हलले नाहीत. गावभर तेच चाललंय. पंचायत समितीत पाटलाचा शब्द चालते. उद्या माझी बदली केली त्यायनं तं?

फय्याज : या अल्ला. काका, हात टेकवून पाह्यचा ना जरा.

उकंडराव : टेकवला. पण बुड खाली अन् गुडघे हनुवटीपाशी. मी म्हनलं, या पाटील, बसा.

फय्याज : मंग?

उकंडराव : मंग त्यायनं इकडेतिकडे पाह्यलं. बाजेवर तुरीची डाळ वाळत घातलेली. उरला जेवायचा पाट.

विजयमाला : बाबा, पाटलाले पाटावर बसवलं तुमी?

उकंडराव : मी कायले बसवतो? ते आपल्या मनानं बसले. चहा पेले. खुर्चीकडे मात्र सारखे पाहून राह्यले होते.

फय्याज : आता समजलं. सकाळीच त्यायचा माणूस दुकानात आला. अशीच खुर्ची पाहिजे म्हणे, पण हिच्याहून वीतभर उंच.

विजयमाला : म्हणजे रागावले नाहीत?

फय्याज : रागावले असतीन. पण खुर्ची पाहिजे. तोवर बदलीचं नाव निघत नाही, मी काम सावकाश करतो. काका, उतरा आता. सागाचे ठोकळे आणले हायेत, हिचेही पाय वाढवून देतो.

उकंडराव : राहू दे.

विजयमाला : अन् पुन्हा कोणी मोठं माणूस आलं तं?

उकंडराव : सांगू, मिस्त्रीचा हात चुकला.

फय्याज : माझं नाव खराब कराल तुमी.

उकंडराव : तुले पाटलाचं काम भेटलं ना? घे थोडं अंगावर.

(फय्याज हसत हत्यारं सायकलीला बांधतो आणि निघून जातो.)

विजयमाला : बाबा, मी लहानपणापासून पाहून राह्यली. पाटील रस्त्यानं जाताना दिसले तरी तुमी जेवत्या ताटावरून उठत होते. काल खरंच उठता आलं नाही?

उकंडराव : विजू, पाटील यायच्या आधी मी उठून माठातलं पाणी पेलो. अंगणात बकरी शिरली होती, ते हाकलली. मंग फिरून येऊन बसलो.