परड्यातली गिअरची सायकल

बसा पावणं, निवांत बसा. तुमास्नी आत बसवून मालक कारखान्याला जाताना भाईरनं कुलूप लावून गेल्यात, आता सांजच्याला सा वाजता येऊन काढतील तवाच तुमचीबी सुटका, तवर माझ्यासंगट तुमीबी आत. चहा ठेवते. खाटंवर बसल्यात त्या आमच्या आत्ती, मालकांच्या आई. नमस्कार करा त्यास्नी. वळखणार न्हाईत, मलाबी वळखत न्हाईत, पण नमस्कार केला की बरं वाटतंय त्यास्नी.

माझं म्हायार कुरुंदवाडचं. आप्पांचं सायकलीचं दुकान हुतं. मला भाऊ न्हवता, म्हणून आप्पांनी मलाच सगळं शिकवलं, पंक्चर, ब्रेक, आन चाकाचा आऊट काढायचं, म्हंजे चाक वाकडं फिरत असलं की एकेक तार आवळून, सैल करून त्ये सरळ करायचं, त्ये तर माझ्यासारखं आप्पास्नीबी जमत न्हवतं. पण गिऱ्हाइकाला कळलं की पोरीनं चाक बांधलंय तर गाडी कोण दील? म्हणून दुकानात मागं पोत्याचा पडदा, आन पडद्याआड मी. गिऱ्हाईक म्हणायचं, आप्पा, काय चाक फिरतंय हो तुमच्या हातचं, आन आप्पा नुसतं हसायचं. मी आतनं ऐकायची. राग यायचा की, का न्हाई येणार? एकोणिसाव्या वर्साला लगीन होऊन हितं कोल्लापुरात आले तवा मनात म्हटलं, चला, पडदा तरी सुटला. काय सांगू तुमाला.

आत्ती चांगल्या हुत्या हो. मग इसरायला लागल्या. त्यांचं म्हायार राधानगरीकडं, सकाळ झाली की पिशवीत लुगडं भरायच्या आन म्हायारी जाते म्हणायच्या. दोन वर्सामागं मी आंघोळीला गेलते, दाराची किल्ली माझ्या उशीखाली, ती त्यांनी काढली आन गेल्या निघून. पाच तास हुडकलं. कळंब्याच्या तळ्यावर घावल्या, चपला हातात घेऊन पाण्याकडं बघत उभ्या. मालक त्या दिवशी रडलं, एवढा मोठा माणूस. आन दुसऱ्या दिवशी ह्ये कुलूप आणलं. म्हणालं, किल्ली माझ्यापाशी राहील, काय लागलं तर फोन कर, धा मिंटात येतो. वाईट माणूस न्हाई हो, आईपायी केलं. पण कुलूप आईसाठनं लावलं आन आत मीबी राहिले, ह्ये कुणाच्या ध्येनातच आलं न्हाई. मी आंघोळीला गेले, एवढाच माझा गुन्हा.

मग एक दिवस खिडकीतनं बघते तर भंगारवाल्याच्या गाड्यावर पत्र्याखाली सायकल. डोंगरात चालवायची असती बगा तसली, जाड टायरची, गिअरची, पंचवीस-तीस वर्साची तरी असंल, सगळी लोखंडी, वर गंजाचा थर. मी हाक मारली, म्हटलं मागं परड्याकडं या. परड्याच्या भिताडावरनं मी मोडका कूलर पलीकडं दिला, त्यानं सायकल अलीकडं दिली. बोटानं टिचकी मारली दांडीवर, खणखणीत वाजली. अठ्ठावीस वर्सांत मी पाना धरला न्हवता.

मालक हसलं. म्हणालं, चालवणार कुठं, परड्यात? म्हटलं, चालवायला न्हाई, नीट करायला घेतलीया. टायर-ट्यूब त्यांनीच आणून दिल्या, बायको घरात रमतीया तर बरंच की.

सा म्हयनं लागलं. शीटचा दांडा गंजानं असा धरल्याला, तीन आठवडं रोज थोडं थोडं डिझेल सोडायची आन वाट बघायची, तोबी अडकल्याला, मीबी अडकल्याली. हँडल चिंचेच्या कोळानं घासलं, चकचकलं. गिअर मी आयुष्यात बघितलं न्हवतं, आप्पांच्या दुकानात सगळ्या काळ्या उभ्या सायकली, मग सायकल उलटी ठेवायची, पायडल फिरवायचं आन साखळी ह्या चक्रावरनं त्या चक्रावर कशी जातीया त्ये बघत बसायचं, बघून बघून शिकले. आन आत्तींपुढं सुपात चाकातलं छर्रे, म्हंजे बारक्या लोखंडी गोळ्या, ठेवलं. राधानगरीची बाई, भाताच्या खाचरात जन्म गेल्याला, तांदूळ निवडावं तसं त्यांनी छर्रे निवडलं की! बोटानं चाचपून खराब तेवढं बाजूला. त्या दिवशी पिशवी भरली न्हाई त्यांनी.

शेवटाला मागं कॅरिअर बसवलं. भंगारवाला भिताडावरनं डोकावला आन म्हणाला, अक्का, असल्या गाडीला कॅरिअर नसतंय, वाट लावली तुमी. म्हटलं, तुला काय कळतंय.

मग नवमी आली, खंडेनवमी. आमच्यात त्या दिवशी घरातली हत्यारं, खंडं म्हणतो आमी त्यास्नी, पुजत्यात, ज्येच्यावर आपलं काम चालतं ती सगळी, आन एकदा पुजली की दसऱ्यापातूर हलवत न्हाईत. मालकांनी त्यांचं पानं मांडलं, मी माझी कात्री, इळी, तारा आवळायचा पाना मांडला. आन मालक फुलं आणायला आत गेलं तवा कुलूप, मालक घरात असलं की किल्ली लावूनच खिळ्याला असतंय, त्ये काढलं आन किल्लीसकट मधोमध ठेवलं. गाडीची पूजा आमच्यात दसऱ्याला, म्हणून सायकल परड्यातच ठेवली. मालक आलं, डोळं अर्धं मिटून मंत्र म्हणत हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला सगळ्यावर. मग कारखान्यातल्या पूजेला निघालं आन कुलूप घ्यायला वळलं, तर खिळा मोकळा. तवा त्यास्नी हळदकुंकवातलं कुलूप दिसलं, उचलायला वाकलं.

मी म्हटलं, पुजलेलं हत्यार उद्यापातूर उचलत न्हाईत.

ह्ये काय हत्यार हाय व्हय, म्हणालं. म्हटलं, ह्या घरात सगळ्यात जास्त काम त्येच करतंय.

तरी हात पुढं केला त्यांनी. आन खाटंवरनं आत्ती म्हणाल्या, हात लावू नगंस रं, खंडं हाय त्ये. आईचा शबूद. कुलूप तितंच सोडून, दार नुसतं लोटून गेलं.

मी सासरी गेल्याल्या माझ्या पोरीचा जुना पंजाबी ड्रेस घातला. आत्तींना कॅरिअरवर बसवलं, त्यांचंच लुगडं त्यांच्या आन माझ्या कमरंला गुंडाळलं. गल्लीतनं हातात धरून न्हेली, सगळी बघत हुती, बघू देत. मोठ्या रस्त्याला लागल्यावर बसले शीटवर. पहिलं चार हात लटपटली, मग जी चालली! पुढचं चाक बघत हुते मी, केसभर आऊट न्हवता. रडायला यायलंतं आन हसायलाबी. कळंब्याच्या तळ्यावर उतरलो, आत्ती पाण्याकडं बघून म्हणाल्या, आलं की गं माझं गाव. म्हटलं, व्हय, आलं. तासभर बसलो. मालक यायच्या आत घरात.

कुणीतरी सांगितलंच त्यास्नी. दसऱ्याला सोनं दिलं आईला, मग मला. आन दुसऱ्या दिवशी सकाळी कुलपावरची हळद फडक्यानं पुसली, आत तेल सोडलं आन लावून गेलं. आता लावल्याला आवाजबी येत न्हाई.

असू दे. तुमी मोकळी माणसं, पावणं, देव तुमाला भरपूर फिरवू दे. माझं हाय त्ये हाय. पण एक बगा. आत्ती आता पिशवी भरत न्हाईत. लेकाचं नाव इसरल्या, माझं इसरल्या, म्हायारचंबी इसरल्या. फकस्त रोज सकाळी परड्यात येत्यात, कॅरिअरवर हात ठेवत्यात आन इचारत्यात, आज नवमी व्हय गं?

मी म्हणते, उद्या, आत्ती. आन चाकात हवा हाय का त्ये दाबून बघते.