जंतू मेला नाही, बाबूजी

चांगला रिझल्ट आला की पहिला फोन कोणाला, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. सौंसरला, संत्र्याची बाग सांभाळणाऱ्या बाबूजींना.

टायफॉइडच्या जातीच्या जंतूतलं एक एन्झाइम आम्ही काढून टाकलं, आणि त्याला पेशीत नीट शिरताच येईना! मी हैदराबादच्या लॅबमधून लगेच फोन लावला.

"मेला का मंग?" बाबूजींनी विचारलं.

"नाही जी. जगून राहिला, वाढूनबी राहिला. फक्त आजारी पाडायची ताकद गेली."

"असं काहून?"

"त्याच्या आत आरएनए नावाचे निरोप असतात. ते कापून नीट करणारं एन्झाइमच आता नाही, म्हणून हल्ल्याचे निरोप बिघडले."

"वा!" म्हणाले, आणि आईला ओरडून सांगितलं, "पोरगी जिंकली!" मग आवाज खाली आला. "म्हणजे काम झालं. आता येतेस ना घरी?"

"पुन्हा करून पाहावं लागते, बाबूजी. संक्रांतीपर्यंत तरी नाही जमत."

फोनमध्ये पाखरांचा आवाज वाढला; बाबूजी बोलत बोलत बागेत निघाले होते.

"पाह बेटा, नीट पाह. थोडे संत्रे झाडावरच ठेवतो तुयासाठी."

पिकलेलं संत्रं झाडावर थांबत नाही, गळून पडतं. हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

"हाव," मी म्हणाले, "ठेवा."