टिंबं उडवली

(फायबरच्या टाक्यांचा कारखाना. मेहुण्याच्या ओठातून रक्त येतंय. भावाच्या हातात लोखंडी पाइप.)

भाऊ : ऊठ. एका थपडेत आडवा झालास? उजवा हात ठेव टेबलावर.

मेहुणा : दादा, ऐका तरी.

भाऊ : आजवर अहो-जाहो केलं, आता नाही. माझ्या बहिणीचा हात मनगटापर्यंत भाजलाय. तुझा मोडतो, म्हणजे फिट्टंफाट.

मेहुणा : मोडा. पण आधी फळा बघा.

भाऊ : बघितला. हार्डनर पाच मापं, रेझिन बारा. त्यात काय?

मेहुणा : रोजच्या लहान डब्याला हार्डनर ०.०५ लिटर, रेझिन १.२ लिटर. आज पहिल्यांदाच बादलीभर करायचं होतं, म्हणून प्रमाण काढलं.

भाऊ : मग बरोबरच आहे की. दोन्हीकडची टिंबं उडवली, पाचास बारा.

मेहुणा : तशी उडत नाहीत. ०.०५ म्हणजे पाच छेद शंभर. १.२ म्हणजे बारा छेद दहा. आधी छेद सारखे करायचे. बारा छेद दहा म्हणजे एकशेवीस छेद शंभर. पाचास एकशेवीस. एकास चोवीस.

भाऊ : मला शाळा शिकवतोस?

मेहुणा : दहापट हार्डनर पडलं, दादा. हार्डनरनं रेझिन घट्ट होताना तापतं, ते एकदम उकळलं आणि बादली वितळली. ती तिच्या हातात होती.

भाऊ : म्हणजे कबूल केलंस. ठेव हात. ठेव म्हणतो ना, नाहीतर डोकं फोडीन.

बहीण : दादा, पाइप खाली कर.

भाऊ : तू दवाखान्यातून कशाला उठून आलीस? बाहेर थांब. ह्याला सोडत नाही आज.

बहीण : फळ्यावरचं अक्षर माझं आहे. ह्यांनी सांगितलं नाही ना? मार खात बसले असतील गुपचूप.

भाऊ : तुझं? असलं गणित तुला शिकवलं कुणी? नाव सांग त्याचं. त्याचेही हात मोडतो.

बहीण : पाचवीत होते मी. वहीत छेद मांडत बसले होते. तू म्हणालास, एवढा वेळ कशाला, टिंबं उडव. मी नाही म्हटलं, तर पट्टी मोडेपर्यंत मारलंस. ह्याच हातावर. त्यानंतर मी छेद कधी मांडलेच नाहीत.

मेहुणा : दादा, बसा. पाणी आणू?

भाऊ : नको. ते छेदाचं पुन्हा एकदा सांगा. जरा हळू सांगा.