प्लोवदिवचा नट, मिरजेचा जावई

मी मूळची मिरजेची, वडील रेल्वेत मालधक्क्यावर क्लार्क, आम्ही तिघी बहिणी, त्यातली मी मधली. नर्सिंग मिरजेतच केलं आणि मग अमेरिकेत नर्सेस पाहिजेत म्हणून कळलं, अर्ज केला, तर मलाच बोलावणं आलं, घरात कितीतरी दिवस कुणी नीट जेवलं नाही. तर अशी मी इकडं वूस्टरला आले, आणि आता हे त्याच्या शेजारचं श्रूजबरी, इथंच सगळं आयुष्य गेलं बघा.

स्टोयान भेटला तो हॉस्पिटलातच, इमर्जन्सीत. बेकरीत कामाला होता, भट्टीतल्या तापलेल्या पत्र्यानं हात भाजलेला, मी ड्रेसिंग करत होते आणि हा माणूस ओरडायचं सोडून मला म्हणतो, जखम वाईट आहे ना, तुमचा चेहरा सगळं सांगतो. मी म्हटलं, तुम्ही डॉक्टर आहात का? तर म्हणाला, नाही, मी नट आहे. काय सांगू तुम्हाला, मला हसूच आलं, कोपरापर्यंत पीठ लागलेलं आणि म्हणे नट. पण खोटं नव्हतं ते. बल्गेरियात प्लोवदिव म्हणून गाव आहे, तिथल्या नाटक कंपनीत तो मोठमोठ्या भूमिका करायचा, रस्त्यात लोक थांबवून बोलायचे. पण तेव्हा तिकडं सरकारच असं, की नाटकात कुठलं वाक्य ठेवायचं तेही तेच ठरवणार. एकदा कंपनी परदेशी दौऱ्यावर गेली, प्रयोग झाला, पडदा पडला, हा मेकअप पुसून मागच्या दारानं जो बाहेर पडला तो परत गेलाच नाही. आईवडील पुन्हा दिसले नाहीत त्याला. त्यावर तो फार बोलत नाही, मीही विचारत नाही.

आमचं लग्न झालं तेव्हा माझ्या वडिलांनी बोलणं टाकलं होतं. ते गेल्यावर मात्र आई आमच्याकडं राहायला आली, आणि तिची नि स्टोयानची अशी गट्टी जमली म्हणून सांगू. आईला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, मी ड्यूटीवर, आमची मुलगी शाळेत, मग घरात हे दोघंच. भाजी निवडता निवडता त्यानं मराठी शिकून घेतली, पण शिकला बायकांकडून, त्यामुळं बोलायचा कसं, आई, मी आले, मी जेवते, मी दमले! एवढा सहा फुटी माणूस, दारातनं आत येऊन म्हणणार, मी आले. आई हसून हसून पदर तोंडाला लावायची, पण सुधारलं तिनं कधी नाही. मुलीचं नाव त्यानं रादा ठेवलं, त्यांच्याकडचं नाव आहे, आई तिला राधा म्हणायची, दोघांचंही समाधान.

आता त्याच्या कामाचं सांगते. इथं सुरुवातीला छोट्या थिएटरांतनं राजाचा नोकर, दारावरचा शिपाई असली कामं मिळाली, मग टीव्हीवाल्यांनी बोलवायला सुरुवात केली, पण काम काय, तर परदेशी हेर, नाहीतर स्मगलर, दोन वाक्यं बोलायची आणि गोळी खाऊन पडायचं. आई सोफ्यावर बसून बघायची आणि कळवळायची, परत मारलं की गं जावईबापूंना. तो म्हणायचा, आई, पैसे चांगले मिळाले. त्याच्या उच्चारांमुळं दुसरं कुणी काही द्यायचंच नाही. शिकवणी लावली, आरशासमोर तास न् तास बसला, पण जिभेला लहानपणापासून लागलेलं वळण, ते कुठं जातंय.

आणि मग एक सिनेमा आला. मोठा नव्हता, पण त्यात खरं काम होतं, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याचं, मुलगा गेलेला असतो आणि तो ग्राहकाला त्याच्याबद्दल सांगतो, पाच मिनिटं नुसता बोलतो. स्वयंपाकघरात ते भाषण मी इतक्यांदा ऐकलं की मला पाठ झालं. पहिला खेळ न्यूयॉर्कला होता, मी वाट वाकडी करून आयसेलिनला गेले, तिथं ओक ट्री रोडवर सगळी आपली दुकानं, तिथनं नवी साडी घेतली, इरकल, हिरवी. थिएटरात बसलो, म्हातारा पडद्यावर आला, तोंड उघडलं आणि आवाज दुसऱ्याच कुणाचा. स्वच्छ अमेरिकन आवाज. आम्हाला कुणी कळवलंसुद्धा नव्हतं. मी त्याच्याकडं बघायचं धाडस केलं नाही, नुसता हात धरला. शेवटपर्यंत बसला तो, टाळ्यासुद्धा वाजवल्या. येताना गाडीत एवढंच म्हणाला, चेहरा चालला त्यांना.

त्यानंतर त्यानं काम सोडलं. एजंटचे फोन घेईना. शाळेची बस चालवायला लागला, पोरांत रमला, घरात हसायचा-बोलायचा, पण आरशासमोर बसणं बंद. त्याच सुमारास आई गेली, आणि घरात त्याच्याशी मराठी बोलायला मी तेवढी राहिले.

इथल्या आमच्या मराठी मंडळाचं नाटक बसत होतं. निवृत्त हेडमास्तर आणि परदेशी निघालेली त्याची लेक, अशी गोष्ट. मी नाश्त्याचं बघायचे, स्टोयान सेट ठोकायला यायचा. हेडमास्तर करणारा अभय, त्याची अचानक ओहायोत डब्लिनला बदली झाली, प्रयोग तोंडावर आलेला. आमचा दिग्दर्शक विनायक डोकं धरून बसला, म्हणाला, काकू, हॉल कॅन्सल करतो. तेवढ्यात शिडीवरनं स्टोयाननं हेडमास्तरचं वाक्य म्हटलं, मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. तालमी ऐकून ऐकून सगळं नाटक पाठ झालं होतं त्याला. विनायक चांगला मुलगा, जवळ येऊन हळूच म्हणाला, स्टोयानकाका, तुमचं मराठी गोड आहे हो, पण सीरियस सीनला लोक हसतील यार.

आणि खरं सांगू, मलाही नको होतं. घरी आल्यावर मी म्हटलं, नको रे, एकदा झालं ते पुरे झालं. रादाला फोन लावला, वाटलं तिचं तरी ऐकेल, तर ती म्हणते, मॉम, लेट हिम डिसाइड. तो बसला होता चहा घेऊन. म्हणाला, सुलभा, त्यांनी माझा आवाज लोकांपर्यंत पोचूच दिला नाही. तुझ्या लोकांनी नको म्हटलं तर चालेल मला, पण ऐकून तरी नको म्हणू देत. दुसऱ्या दिवशी मीच विनायकला फोन करून हे सांगितलं, तो तयार झाला.

प्रयोगाच्या दिवशी हॉल भरलेला. पहिल्या अंकात हेडमास्तर बाहेरनं येतो आणि म्हणतो, मी थकलो आता. सगळ्या तालमींत बरोबर म्हटलेलं वाक्य, आणि नेमकं तिथं त्याच्या तोंडातनं आलं, मी थकले आता. अख्खा हॉल हसला. विंगेत माझ्याशेजारी विनायकनं डोळे मिटून घेतले. स्टोयान मात्र डगमगला नाही. खुर्चीत बसला, हळूहळू एका पायातला बूट काढला, मग दुसरा, हसणं संपेपर्यंत थांबला, आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं, आता बरोबर, पण इतक्या खालच्या आवाजात की लोकांना पुढं झुकून ऐकावं लागलं. मग कुणी हसलं नाही. शेवटी लेक निघते तेव्हा बाप तिला म्हणतो, जा, पण मागं वळून बघू नकोस, मला तुझी पाठच लक्षात ठेवायचीय. मला तिथं नाटक दिसेनासंच झालं. मला स्टोयानची आई दिसायला लागली, जिला मी कधी बघितलंही नाही.

सगळ्यांना आवडलं असं नाही हं. एक गृहस्थ मला तोंडावर म्हणाले, उच्चार फार खटकतात, हौस असावी पण किती. त्यांचं ते मत. पण इथं जन्मलेली पोरं, जी नाटकाला आईबापांनी ओढून आणलेली असतात, ती स्टोयानभोवती जमली होती, एक मुलगी म्हणाली, अंकल, यू टॉक लाइक मी. रादा कोपऱ्यात उभी होती, जवळ आली आणि त्याच्या कोटाची बटणं लावत बसली.

पुढं ते नाटक डब्लिनलाही झालं, अभयनंच बोलावलं, आणि पहिल्या रांगेत बसून बघितलं. एजंटचे फोन स्टोयान परत घ्यायला लागला, पण आधीच सांगायचा, आवाज माझाच राहणार असेल तर बोला. काही जण फोन ठेवायचे, काही जण हो म्हणायचे. दोन-तीन बरी कामं झाली तशी.

आता थकलाय. रविवारी बेसमेंटमध्ये मंडळाच्या पोरांना शिकवतो, पोटातनं बोला, गळ्यातनं नको. गेल्या हिवाळ्यापासनं त्याचाच घसा बसतोय, डॉक्टर म्हणतात स्वरयंत्राजवळ गाठ आहे, ऑपरेशन करून टाकू. त्यानं एकच विचारलं, त्याआधी एक प्रयोग होईल ना? होईल, शनिवारीच आहे. ऑपरेशननंतर आवाजाचं काय होऊ शकतं ते मी नर्स आहे, मला ठाऊक आहे, पण त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्यालाही ठाऊक असणार. जे व्हायचं ते होईल, देवानं आम्हाला कमी काही दिलं नाही. तुम्ही शनिवारी या नक्की, मुलांनाही आणा. पुढं बसा, मागं आता ऐकू येत नाही त्याचं.